टाइप १ मधुमेही मुलांची किडनी : वर्षातून एकदा सकाळची पहिली लघवी कशी तपासायची, रिपोर्ट कसा वाचायचा

मधुमेही मुलाच्या किडनीला धक्का लागायला सुरुवात होते, तेव्हा मुलाला काहीच जाणवत नाही. अंगावर सूज नसते, कंबर दुखत नाही, लघवी कमी होत नाही. मूल शाळेत जातं, कबड्डी खेळतं, भरपेट जेवतं. डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी, थकवा ही लक्षणं दिसेपर्यंत हातची बरीच वर्षं निघून गेलेली असतात. या मधल्या वर्षांत किडनीची तक्रार पकडायचा खात्रीचा आणि बिनत्रासाचा मार्ग म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन मोजणं. सुई नाही, दुखणं नाही, फक्त सकाळची पहिली लघवी. तरीही आपल्याकडे बहुतेक मुलांच्या फायलीत हाच कागद नसतो.

मी सांगलीत इन्सुलिनवरच्या मुलांच्या आईवडिलांना घरची काळजी शिकवते. इंजेक्शन कुठं टोचायचं, शुगर खाली गेली तर काय द्यायचं, हे दोन-तीन महिन्यांत सगळ्यांना पाठ होतं. किडनीचा विषय काढला की मात्र काहीजण घाबरून गप्प होतात आणि बाकीचे म्हणतात, "लघवी तपासलीय की, काही नव्हतं." या दोघांसाठीही हा लेख आहे.

किडनीत काय बदलतं

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातला कचरा त्या लघवीत सोडतात आणि प्रथिनं रक्तातच अडवून ठेवतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की या गाळण्यांवर ताण येतो. पहिल्या टप्प्यात किडनी उलट जास्तच जोरात काम करते, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येणारा आणि किडनीनं गाळून टाकायचा कचरा, छान दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात. पुढे गाळणी किंचित सैल होते आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन अगदी थोड्या प्रमाणात लघवीत उतरू लागतं. आपल्याला पकडायचा तो हाच टप्पा. इथं साखर आणि ब्लड प्रेशर आवरलं, तर अनेक मुलांत अल्ब्युमिन परत खाली येतं. हा टप्पा निसटला की प्रेशर चढतं, गळती वाढते आणि मग गाळण्याची ताकद कमी होत जाते. तिथून मागे फिरणं अवघड.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, कारण गावोगावी ती उलटी सांगितली जाते. इन्सुलिनमुळे किडनी खराब होत नाही. आजोबांना इन्सुलिन सुरू झालं आणि दोन वर्षांत डायलिसिस लागलं, असं घराघरांत ऐकायला मिळतं. त्या आजोबांना इन्सुलिन लागलं तेव्हा मधुमेह पंधरा-वीस वर्षांचा जुना होता आणि किडनी आधीच बिघडलेली होती. टाइप १ च्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. त्याचं इन्सुलिन बंद करून काढे-चूर्ण सुरू करणं म्हणजे किडनीच्या आधी जीवच धोक्यात घालणं आहे.

इन्सुलिननं नेटकी सांभाळलेली साखर किडनी वाचवते, याचा भक्कम पुरावा आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ च्या १४४१ रुग्णांवर डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात १३ वर्षांपासूनची मुलंही होती. ज्यांची साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ७ च्या आसपास राखली गेली, त्यांच्यात लघवीत अल्ब्युमिन उतरू लागण्याचं प्रमाण ९ च्या आसपास असलेल्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी होतं. मोठ्या गळतीचं प्रमाण ५४ टक्क्यांनी कमी होतं. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची सरासरी जवळपास सारखी झाली, तरी सुरुवातीला चांगल्या सांभाळलेल्या वर्षांचा फायदा पुढे कित्येक वर्षं टिकला.

तपासणी कधीपासून

बालमधुमेहासाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना इस्पॅड सांगते की मूल ११ वर्षांचं झालं किंवा वयात येऊ लागलं, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून, आणि मधुमेह होऊन २ ते ५ वर्षं झाली असतील तर, लघवीतलं अल्ब्युमिन दरवर्षी तपासावं. अमेरिकन डायबिटीज असोसिएशन वयाची अट १० वर्षं आणि आजाराची अट ५ वर्षं धरते. माझा सल्ला लवकरच्या बाजूनं आहे. चौथीतल्या मुलीला पाचव्या वर्षी मधुमेह झाला असेल आणि ती आता वयात येऊ लागली असेल, तर अकरावा वाढदिवस येईपर्यंत थांबू नका, पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.

वयात येण्याचा काळ इतका महत्त्वाचा का? वाढीच्या हार्मोन्समुळे या वर्षांत इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, डोस वाढवावे लागतात, मूल चिडतं, इंजेक्शन चुकवतं, शाळेत डबा बदलून खातं. साखर सर्वांत जास्त याच काळात हलते आणि किडनीवरचा परिणामही इथंच सुरू होण्याचा संभव जास्त असतो. घरात कुणाला किडनीचा आजार किंवा कमी वयात ब्लड प्रेशर असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

तारीख लक्षात राहावी म्हणून मी सगळ्यांना एकच युक्ती सांगते. मुलाला मधुमेह निघाला तो महिना पक्का करा. दरवर्षी त्याच महिन्यात लघवी, रक्त, डोळे आणि पायांची तपासणी. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही साधारण याच वयात सुरू होते आणि डोळे-किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचं दुखणं बहुधा जोडीनं चालतं, म्हणून दोन्ही एकाच फेरीत उरकून घ्या. ऊसतोडीला फिरणाऱ्या कुटुंबांनी मात्र हंगामातला महिना धरू नये. गावी परतल्यावरचा महिना धरावा, म्हणजे दरवर्षी त्याच डॉक्टरांकडे जाता येतं.

कोणती तपासणी मागायची

पालकांची सर्वांत जास्त गफलत इथं होते, म्हणून जरा सावकाश सांगते.

एक आई कवठेमहांकाळहून आली होती. फाईल नीट लावलेली, प्रत्येक कागदाला पिन. मी लघवीच्या तपासणीबद्दल विचारलं तशी तिनं मागच्या महिन्याचा कागद पुढे केला. "मॅडम, केलीया की. अल्ब्युमिन निल आलंय बघा." कागदावर वर छापलेलं होतं, युरिन रूटीन. खाली रंग, वास, साखर, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात वाढणारं आम्ल), पेशी आणि एका ओळीत अल्ब्युमिन, निल. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. लॅबनंही काही चुकवलं नव्हतं. पण या तपासणीत लघवीत एक रंगीत पट्टी बुडवतात आणि ती पट्टी अल्ब्युमिन बरंच वाढल्याशिवाय रंग बदलत नाही. आपल्याला हवी असलेली सुरुवातीची गळती तिला दिसतच नाही. त्या मुलाची गळती आहे की नाही, हे त्या कागदावरून कळायला मार्गच नव्हता.

म्हणून लॅबच्या काउंटरवर "लघवी तपासायचीय" एवढंच म्हणू नका. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर "युरिन अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो" असं लिहून आणा. थोडक्यात त्याला एसीआर म्हणतात. काही लॅब त्याला "मायक्रोअल्ब्युमिन" म्हणतात, तेव्हा क्रिएटिनिनही मोजून गुणोत्तर देणार का, हे विचारून घ्या. नुसतं अल्ब्युमिन मोजलं तर मुलानं किती पाणी प्यायलं त्यावर आकडा वरखाली होतो. क्रिएटिनिनशी तुलना केली की हा फरक बराचसा निघून जातो.

चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितलं तर एकदा विचारून घ्या, गरज आहे का. मुलांत ती नीट गोळा होत नाही, शाळेत एकदा तरी डबी चुकतेच. नेहमीच्या वार्षिक तपासणीला सकाळचा एक नमुना पुरतो.

डबी भरण्याआधी

अल्ब्युमिन काही तात्पुरत्या कारणांनीही वाढतं. चुकीच्या दिवशी दिलेला नमुना घरभर काळजी पसरवतो आणि पुढचे दोन महिने झोप उडवतो. त्यामुळे दिवस निवडताना थोडं थांबून विचार करा.

आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको. आपल्या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण इथली मुलं तालमीत जोर-बैठका मारतात, शाळेच्या मैदानावर खो-खोचा सराव करतात, गणपतीत रात्रभर लेझीम खेळतात. अशा दिवसानंतर चोवीस तास तरी जाऊ द्या. ताप, सर्दी-खोकला झाला असेल तर तो उतरून मूल पूर्ववत होऊ द्या. लघवीला जळजळ होत असेल, वास येत असेल किंवा बऱ्याच दिवसांनी अंथरूण ओलं झालं असेल, तर जंतुसंसर्ग आहे का ते आधी बघावं लागेल. अंथरूण ओलं होणं हे साखर फार चढल्याचंही लक्षण असू शकतं, तेव्हा त्या रात्री शुगर तपासाच. मुलीची पाळी सुरू असेल तर ती संपून दोन-तीन दिवस जाऊ द्या. आणि आठवडाभर शुगर तीनशे-चारशेच्या घरात फिरत असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून ती खाली आणा, मग नमुना द्या.

"पहिली लघवी" हा आग्रह का, तेही सांगते. काही मुलांत, विशेषतः उंच सडपातळ किशोरवयीन मुलांत, दिवसभर उभं राहिल्या-चाललेल्यानं लघवीत प्रथिनं उतरतात आणि रात्री आडवं झाल्यावर थांबतात. हा आजार नाही. सकाळची पहिली लघवी घेतली की हा गोंधळ टळतो.

आता प्रत्यक्ष नमुना. आदल्या दिवशी लॅबमधून कोरी, रुंद तोंडाची डबी आणा. औषधाची किंवा लोणच्याची जुनी बाटली धुऊन वापरू नका. झोपण्याआधी मुलाला लघवीला पाठवा. सकाळी उठल्या उठल्या, चहा-दूध आणि पळापळीच्या आधी, लघवीची जागा साध्या पाण्यानं धुऊन घ्या. पहिली धार सोडून द्या, मधली धार डबीत घ्या. अर्धी डबी भरली तरी पुरे. झाकण घट्ट लावून नाव आणि वेळ लिहा. जरा मोठ्या मुलांना हे एकदा समजावून सांगा आणि दार लावून त्यांनाच करू द्या. दहावीतल्या मुलीच्या मागे आई डबी घेऊन उभी राहिली, की पुढच्या वर्षी ती मुलगी नकारच देते.

डबी दोन तासांच्या आत लॅबला पोचवा. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणात नको. पाटणहून साताऱ्याला किंवा जतहून सांगलीला एसटीनं यायचं असेल आणि त्यात एप्रिल-मे असेल, तर डबी बर्फाच्या पिशवीसोबत थर्मासमध्ये घाला. मात्र डबी बर्फाला टेकू देऊ नका, मध्ये कापड ठेवा. आणखी सोपं म्हणजे तालुक्याच्या लॅबमध्ये चौकशी करा. एसीआर तिथं होत नसला तरी नमुना घेऊन मोठ्या लॅबला पाठवायची सोय बऱ्याच ठिकाणी असते.

रिपोर्ट वाचताना

एसीआरचा आकडा बहुधा मिलिग्रॅम प्रति ग्रॅम या एककात येतो. ३० च्या खाली असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे सुरुवातीची गळती. ३०० च्या वर म्हणजे जास्त गळती. काही लॅब मिलिग्रॅम प्रति मिलिमोल हे एकक वापरतात, तिथं ३० च्या जागी ३ धरायचे. म्हणून आकड्याआधी एकक बघा.

कधीकधी लॅब अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन वेगवेगळं देते, भागाकार करत नाही. तो घरीही करता येतो. समजा अल्ब्युमिन १८ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि लघवीतलं क्रिएटिनिन ४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ४५ ला १०० नं भागलं की ०.४५ ग्रॅम प्रति लिटर मिळतात. १८ भागिले ०.४५ म्हणजे ४०. नुसते १८ बघून आपण निश्चिंत झालो असतो, पण मुलानं पाणी भरपूर प्यायलं होतं, लघवी पातळ होती आणि प्रत्यक्षात आकडा ३० च्या पुढं आहे. उलटही होतं. अल्ब्युमिन ३६ आणि क्रिएटिनिन १८० असेल, तर ३६ भागिले १.८ म्हणजे २०. इथं काळजीचं कारण नाही.

आकडा ३० च्या पुढं आला म्हणून किडनी गेली असं समजू नका, आणि तो कागद फाईलमध्ये ठेवून विसरूही नका. एका रिपोर्टवर निदान होत नाही. पुढच्या तीन ते सहा महिन्यांत आणखी दोन नमुने द्यायचे. तीनपैकी दोन ३० च्या पुढं असतील, तरच गळती पक्की धरतात. पहिला नमुना मैदानावरच्या सामन्यानंतर दिला म्हणून वाढलेला आणि विश्रांतीनंतरचे दोन्ही नॉर्मल, असं मी पाहिलेलं आहे. पण दुसरा नमुना न देताच "तो सामन्यामुळंच आला असणार" असं आपणच ठरवून टाकणं फार महागात पडू शकतं.

क्रिएटिनिन : मुलांच्या उंचीनं वाचा

रक्तातलं क्रिएटिनिन हे किडनी किती गाळते याचं ढोबळ माप आहे. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली "नॉर्मल" मर्यादा बहुधा मोठ्या माणसांची असते आणि मुलांत ती फसवते. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, मुलांचे स्नायू लहान, म्हणून त्यांचा आकडा कमीच असायला हवा.

मुलांसाठी डॉक्टर श्वार्ट्झ यांचं सूत्र वापरतात. उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला ०.४१३ नं गुणा आणि क्रिएटिनिननं भागा. १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं क्रिएटिनिन ०.६ असेल तर उत्तर ९६ येतं. ९० च्या वर म्हणजे चांगलं. त्याच मुलाचं क्रिएटिनिन १.० आलं तर उत्तर ५८. लॅबच्या कागदावर १.० ला तारांकन लागणार नाही, कुणी लाल पेननं गोल करणार नाही, पण मुलासाठी हा आकडा डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवण्याइतका मोठा आहे. त्यामुळे रक्त द्यायला जाल तेव्हा मुलाची उंची मोजून फाईलवर लिहा. वाढत्या वयात मागच्या वर्षीची उंची चालत नाही.

हे सूत्र अंदाज देतं, निकाल देत नाही. तालमीत जाणाऱ्या, भरलेल्या अंगाच्या मुलात क्रिएटिनिन जरा जास्त येऊ शकतं. अशा वेळी डॉक्टर सिस्टॅटिन सी नावाची वेगळी तपासणी सांगतात. मूल कीटोन वाढून, उलट्या होऊन दवाखान्यात दाखल असताना काढलेल्या क्रिएटिनिनवरूनही घाबरू नका. शरीरातलं पाणी कमी झाल्यानं ते खरंच वाढतं, शिवाय काही जुन्या पद्धतींच्या चाचणीत कीटोनमुळे ते खोटंही वाढून येतं. मूल बरं झाल्यावर ते पुन्हा तपासून खाली आलंय याची खात्री मात्र करा. ही दुसरी तपासणी बरेचजण सोडून देतात.

ब्लड प्रेशर दर भेटीत

मुलांचं प्रेशर मोजायला लागतं, ही गोष्ट अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. "एवढ्याशा पोराला कसलं बीपी?" असं आजीच म्हणते. मधुमेही मुलात ते दर भेटीत मोजायला हवं. मूल पाच मिनिटं शांत बसलेलं, पाठ टेकलेली, हात छातीच्या पातळीवर. दंडाला बांधायचा पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा. पट्टा लहान असला की प्रेशर खोटं जास्त दिसतं, मोठ्या माणसाचा बांधला की खोटं कमी दिसतं. दवाखान्यात लहान पट्टा आहे का, हे विचारायला संकोचू नका.

१३ वर्षं आणि पुढच्या मुलांत १२० बाय ८० च्या खाली प्रेशर चांगलं. वेगवेगळ्या दिवशी ते १३० बाय ८० किंवा त्याहून जास्त भरत असेल तर उच्च रक्तदाब. त्याहून लहान मुलांचं प्रेशर वय, उंची आणि मुलगा-मुलगी यानुसार तक्त्यात बघतात. दहा वर्षांच्या मुलाचं ११८ बाय ७८ मोठ्यांच्या हिशेबानं सुरेख वाटतं, तक्त्यात मात्र ते चढं असतं. डॉक्टरांना सरळ विचारा, "याच्या वयाच्या तक्त्यात कुठं बसतंय?"

गळती पक्की झाली तर

पहिलं काम साखरेचं. एचबीए१सी ७ च्या खाली, पण रात्रीच्या शुगर-लोच्या किमतीवर नव्हे. ९.५ असलेलं ८.५ वर आलं तरी किडनीला फायदा होतो, म्हणून "सातच पाहिजे" असा धोशा लावून मुलाला हैराण करू नका. कुठला डोस चुकतो ते शोधा. माझ्या अनुभवात तो बहुधा शाळेतला दुपारचा असतो, कारण इंजेक्शन घ्यायला जागा नसते आणि पोरं हसतात. वर्गशिक्षकांशी एकदा बोललं की कधीकधी औषधाइतका फरक पडतो.

दुसरं, औषध. डॉक्टर एसीई इनहिबिटर गटातली गोळी देतात, एनालाप्रिल किंवा रामिप्रिलसारखी. ती सोसली नाही तर लोसार्टनच्या गटातली. प्रेशरच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गोळ्या गाळण्यांवरचा दाब कमी करतात, त्यामुळे प्रेशर फार नसलं तरी देतात. गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचं. सतत कोरडा खोकला सुरू झाला तर कळवायचं, गोळी मनानं सोडायची नाही. वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आई आणि मुलगी दोघींना स्पष्ट माहीत हवी. गर्भ राहिल्यास या गोळ्या बाळाला गंभीर इजा करतात. विषय अवघड वाटला तरी लग्न ठरताना डॉक्टरांना आधी सांगून औषध बदलून घ्यावं लागतं.

गळती नसताना केवळ खबरदारी म्हणून ही गोळी द्यावी का? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ॲडिट नावाच्या अभ्यासात अजून गळती न झालेल्या, पण धोका जास्त असलेल्या किशोरवयीन मुलांना ती देऊन पाहिली, आणि लघवीतल्या अल्ब्युमिनमध्ये ठोस फरक पडला नाही. म्हणजे सगळ्यांना गोळी नाही, सगळ्यांना तपासणी.

जेवणात मीठ कमी. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे आणि आपलं भडंग, मीठ इथून जास्त जातं, भाजी-आमटीतून त्यामानानं कमी. डाळ, अंडी, दूध बंद करू नका. मूल वाढीच्या वयात आहे, त्याची प्रथिनं कापली तर वाढ खुंटते. जिमच्या डब्यातली प्रोटीन पावडर मात्र नको. तंबाखू, गुटखा, मिश्री आणि घरातल्या माणसांची विडी-सिगारेट यातून मुलाला बाहेर काढा.

किडनीला दुखावणारी औषधं आणि उलट्या-जुलाबाचे दिवस

अंगदुखी, ताप, दातदुखीला आपण मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलेलं असताना तर त्या फारच वाईट. मधुमेही मुलाला तापाला वजनाच्या हिशेबानं पॅरासिटामॉल द्या, दुसरं काही देण्याआधी डॉक्टरांना विचारा. अज्ञात भस्मं आणि पुड्यांपासून दूर राहा. त्यांपैकी काहींत शिसं-पारा सापडलेला आहे.

उलट्या-जुलाब सुरू झाले तरी इन्सुलिन बंद करायचं नाही. शुगर आणि कीटोन तपासत राहायचं, घोट-घोट पाणी किंवा मीठ-साखर-पाणी डॉक्टरांनी सांगितलं तसं द्यायचं. मूल वर सांगितलेल्या एसीई गटातल्या गोळीवर असेल, तर अशा दिवशी ती थांबवायची का, हे आधीच विचारून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वाट न बघता दाखवायचं

सकाळी डोळ्यांभोवती किंवा पायावर सूज, लघवी चहासारखी किंवा लालसर, लघवी अचानक कमी, सतत फेस, यापैकी काहीही दिसलं तर वार्षिक तपासणीची वाट बघू नका. मधुमेह होऊन दोन-तीनच वर्षं झाली असताना गळती फार वाढली, लघवीत रक्त आलं किंवा आकडे झपाट्यानं बिघडले, तर कारण मधुमेहाऐवजी दुसरं असू शकतं. अशा मुलाला किडनीच्या, शक्य तर मुलांच्या किडनीच्या तज्ज्ञाला दाखवावंच लागतं.

डोस वाढवलेला नसताना, खाणं तसंच असताना शुगर वारंवार खाली जाऊ लागली आणि इन्सुलिन कमी लागू लागलं, तरी कळवा. किडनी कमजोर झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. मधुमेह निघाल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत डोस कमी होतात तो वेगळा प्रकार आहे. पण पाच-सहा वर्षांनी असं झालं आणि घरच्यांनी "पोरगं बरं व्हायला लागलंय" म्हणून आनंद मानला, तर नुकसान होतं.

कुठं जायचं आणि फाईलमध्ये काय हवं

खासगी लॅबचा खर्च झेपत नसेल तर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, इथं बालरोग विभागात जाऊन विचारा. एसीआर त्या वेळी तिथं होते का, कुठल्या वारी नमुना घेतात, हे आधी कळलं तर एक खेप वाचते. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना मुलाचा मधुमेह लपवू नका. पुढं पाठवायची चिठ्ठी त्यांच्याकडूनही मिळू शकते.

फाईलच्या पहिल्या पानावर एक तक्ता आखा : तारीख, उंची, वजन, ब्लड प्रेशर, एचबीए१सी, एसीआर, क्रिएटिनिन, डोळ्यांची तपासणी. दरवर्षी एक ओळ. एसीआर ८, मग १४, मग २४ असा चढत गेला, तर प्रत्येक कागद नॉर्मल असूनही डॉक्टरांना तो चढ त्या पानावर दिसतो आणि साखरेकडे आधीच लक्ष देता येतं. त्या पानाचा फोटो आई आणि वडील दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. मूल वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत असेल तर अधीक्षकांकडेही एक प्रत द्या आणि तपासणीचा महिना तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.